दुरुस्तीच्या अर्जात उष्णतेलाही रकाना हवा : नियोजन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
आमच्या शहरातील जुन्या इमारतींविषयी निर्णय घेणारे सर्व अधिकारी,

महोदय, महोदया,

नेरूळमधील एका चार मजली सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. मोठी दुरुस्ती हाती घेताना आमच्या संस्थेने इमारत थंड राहावी आणि तिला वीज कमी लागावी यासाठी काही जादा कामांची परवानगी मागितली होती. गच्चीवरील जुन्या कोब्याचे (विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक लेपाचे) थर काढून त्या जागी हलका उष्णतारोधक थर व पांढऱ्या फरशा बसवणे, पश्चिमेकडील खिडक्यांवरचे छज्जे रुंद करणे आणि गच्चीवर उंच सांगाड्यावर सौर पॅनेल लावणे, अशी ती कामे होती. आपल्या कार्यालयाचे उत्तर त्रोटक आले. नेहमीच्या दुरुस्तीस हरकत नाही, उरलेली कामे कोणत्या तरतुदीखाली मंजूर करावीत हे स्पष्ट नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे, आणि इमारत तीस वर्षांहून जुनी असल्याने संस्थेने पुनर्विकासाचा, म्हणजे इमारत पाडून नवी बांधण्याचा, विचार करावा, असा त्याचा आशय होता. यातला शेवटचा सल्ला आम्ही मागितलेला नव्हता.

हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सर्वांसमोर ठेवण्याचे कारण इतकेच की, वाशीपासून बेलापूरपर्यंत आणि खाडीपलीकडे नौपाडा-कोपरीपर्यंत अशाच वयाच्या, अशाच बांधणीच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांतील रहिवाशांनी असा अर्ज केलाच, तर त्यांच्या हातीही बहुधा असेच उत्तर पडेल.

माझा स्वतःचा संबंध लपवण्याचे कारण नाही. मी वरच्या मजल्यावर राहते. आमच्या डोक्यावर चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आहे. तो दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर वारा सुटला तरी आत भिंतीला हात लावून उकाडा कळतो. घरात अंथरुणाला खिळलेले वयस्कर माणूस असेल, तर हा प्रश्न सोयीचा राहत नाही, प्रकृतीचा होतो. दमट हवेतली उष्णता काय करू शकते हे या परिसराने पाहिलेले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशीचा धोका सर्वांना दिसला, कारण तो मैदानात होता. बंद दाराआड, वरच्या मजल्यांवर, पत्र्याखालच्या सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये हाच धोका दर उन्हाळ्यात असतो, पण त्याची नोंद कुठल्याच फायलीत होत नाही.

आता तक्रारी सांगते. पहिली तक्रार सर्वांत मोठी आहे, म्हणून तिला जागाही जास्त देते.

जुन्या इमारतीकडे पाहण्याची आपल्या कार्यालयाची एकच दृष्टी आहे : ती पडेल की नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे आणि ते असायलाच हवे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ इमारत कोसळून सत्तरहून अधिक माणसे गेली, हे ठाणे जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. ती इमारत जुनी नव्हती, बेकायदा होती, हेही विसरू नये. ऑडिटनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ब म्हणजे रहिवासी आत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करायची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आमची इमारत सी-२ब मध्ये आहे. म्हणजे आपणच ठरवून दिलेल्या वर्गवारीनुसार ती पाडण्याची नाही, दुरुस्त करण्याची आहे. तरीही त्याच कार्यालयातून पुनर्विकासाचा सल्ला लेखी येतो. मग वर्गवारी कशासाठी केली?

हा सल्ला वरवर निरुपद्रवी दिसतो, पण त्याचा परिणाम काय होतो हे संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बसल्याशिवाय कळणार नाही. “पुनर्विकास होणारच आहे, मग आता खर्च कशाला?” या एका वाक्यापुढे गच्चीचे काम, नवी वायरिंग, पाण्याचा जुना पंप बदलणे, सौर पॅनेल, सगळे ठराव बारगळतात. सौर पॅनेलचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षांचे असते. पाच वर्षांनी इमारत राहणार की नाही हे ठाऊक नसलेली माणसे त्यात पैसे का घालतील? पुनर्विकास मात्र विकासक मिळणे, संमती, भाडेपट्ट्याच्या अटी, थकबाकी, कोर्टकज्जे यांत अडकतो आणि वर्षे जातात. तेवढ्या काळात ना दुरुस्ती होते ना पुनर्विकास, आणि सी-३ मधली इमारत सी-२ मध्ये सरकते. आपल्या उत्तरातील ते एक वाक्य आमच्या सभेत वाचून दाखवले गेले आणि सदस्यांनी जमवलेली दुरुस्तीची वर्गणीसुद्धा थांबवावी अशी सूचना लगेच पुढे आली. कार्यालयाने ते वाक्य सहज लिहिले असेल. आमच्याकडे ते आदेशासारखे वाचले गेले.

दुसरी तक्रार नियमांच्या रचनेविषयी आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, छताने किती अडवावी, उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के असावे, हे सारे तिच्यात आकड्यांनी मांडलेले आहे. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानासाठी हे उघडणारे क्षेत्र किमान १६.६६ टक्के असावे असे ती सांगते, आणि स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते म्हणून तिचे निम्मेच क्षेत्र मोजते. फार शहाणपणाची संहिता आहे. पण ती उद्या बांधल्या जाणाऱ्या घरांसाठी आहे. आज ज्या घरांत माणसे राहतात, त्यांच्यासाठी तिच्यात काही बंधनकारक नाही.

हाच पक्षपात सवलतींत दिसतो. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतीच्या मानांकनानुसार मूळ एफएसआयवर (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते, त्या मर्यादेवर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. जादा बांधकाम करायचेच नाही, आहे तीच इमारत नीट करायची आहे, अशा संस्थेला या बक्षिसाचा उपयोग शून्य आहे. पाडून पुन्हा बांधणाऱ्याला बक्षीस आणि जपणाऱ्याला “तरतूद नाही”, असा हा हिशेब झाला.

तिसरी तक्रार वेळेची आहे आणि ती समजण्यासाठी इमारतीच्या दुरुस्तीचे काम जवळून पाहावे लागते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधील सळ्या गंजतात, गंज फुगतो, त्यावरचे आवरण फुटते आणि पाणी आत जाते. त्यासाठी परांची बांधून प्लास्टर तोडणे, सळ्यांचा गंज काढणे, पॉलिमर मॉर्टर भरणे, जिथे गरज असेल तिथे खांबांना जॅकेटिंग (नव्या काँक्रीटचे वेष्टण) करणे आणि शेवटी रंग, असा क्रम असतो. या कामात परांचीचा आणि मजुरीचा वाटा मोठा असतो आणि इमारतीला पुन्हा परांची चढते ती बऱ्याच वर्षांनी. म्हणून बाहेरच्या भिंतीला उष्णतारोधक प्लास्टर, फिका परावर्तक रंग, छज्जे, खिडक्यांच्या चौकटी हे सारे करण्याची वेळ तीच असते. त्या वेळी हा खर्च दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घालतो. नंतर वेगळे काम म्हणून काढला तर तो कुठल्याच मध्यमवर्गीय संस्थेला झेपणार नाही. दुरुस्ती आधी करा, बाकीचे पुढे पाहू, असे आपले कार्यालय म्हणते तेव्हा प्रत्यक्षात ते कधीच करू नका असे सांगत असते.

गच्चीचे उदाहरण घ्या. या भागातील बहुतेक जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे. गळती सुरू झाली की कंत्राटदार जुना थर न काढता त्यावर नवा चढवतो. असे थर साचत जातात, पाणी धरतात, आणि आधीच थकलेल्या स्लॅबवर व खांबांवर फुकटचा भार टाकतात. आमच्या ऑडिटरनेच हे थर काढण्याची शिफारस केली. ते काढून त्या जागी जलरोधक थर, त्यावर दाबात न चेपणारे हलके उष्णतारोधक तक्ते आणि वर पांढऱ्या फरशा बसवल्या, तर इमारत हलकी होते, गळती थांबते आणि वरच्या मजल्याचा उकाडा कमी होतो. एकाच कामाने संरचना आणि उष्णता हे दोन्ही प्रश्न सुटतात. आपल्या अर्जात मात्र पहिल्याला रकाना आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून अर्धे काम मंजूर झाले आणि अर्धे परत आले.

छज्ज्यांना नकार मिळाला तो ते वाढीव बांधकाम ठरेल या शंकेवरून. पण आपल्या हवामानात छज्जा ही गरज आहे. युरोपातील जुन्या घरांच्या सुधारणेचा मुख्य हेतू हिवाळ्यात आतली ऊब बाहेर जाऊ न देणे हा असतो. म्हणून तिकडे जाड आवरणे आणि घट्ट बंद होणाऱ्या दुहेरी काचा. आपल्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा आणि हवेत दमटपणा फार. इथे ऊन भिंतीवर पडण्याआधीच अडवणे आणि वारा आरपार खेळू देणे, हे दोन उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे आहेत. पश्चिमेच्या खिडकीवरचा खोल छज्जा, उभी आडोशाची पट्टी, पूर्ण उघडणारी बिजागरीची खिडकी, ही आपल्या हवामानाची अवजारे आहेत. ती आमच्या आजोबांच्या पिढीला माहीत होती. त्या छज्ज्याला आपण एफएसआयच्या फुटपट्टीने मोजता आणि त्याच भिंतीवर डझनभर वातानुकूलन यंत्रे लटकवायला कोणाची परवानगी लागत नाही. एका घराचे यंत्र शेजाऱ्याच्या खिडकीत गरम हवा सोडते, शेजारी खिडकी बंद करतो आणि मग तोही यंत्र घेतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग कृती आराखड्यानुसार इमारतींमधील शीतकरणाची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे अकरा पट होईल. त्यासाठी लागणारी वीज, आणि जुन्या वायरिंगवर पडणारा तो भार, दोन्ही कोण वाहणार आहे?

पुनर्विकासाच्या विरोधात मी नाही, हे इथे स्पष्ट करते. सी-१ मधील इमारत रिकामी झालीच पाहिजे. एका खोलीच्या घरात तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला मोठे घर हवे असणे यात काहीही गैर नाही आणि त्यांना हरित दुरुस्तीचे प्रवचन देणे उद्दामपणाचे ठरेल. पण जी इमारत उभी राहू शकते, तिच्यातील सिमेंट आणि पोलादाची किंमत पर्यावरणाने एकदा मोजलेली आहे. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इमारत पाडली की तो जुना खर्च वाया जातो, नवा सुरू होतो, आणि राडारोडा कुठे जातो हे खाडीकाठची कांदळवने पाहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. चार मजल्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरला लिफ्ट, उंचावर पाणी चढवणारे पंप, तळघराच्या वायुवीजनाचे पंखे, असा चोवीस तासांचा विजेचा खर्च असतो आणि तो देखभाल खर्चाच्या बिलात दर महिन्याला येतो. हे सारे तोलून रहिवाशांनी पुनर्विकास निवडला, तर तो त्यांचा हक्क आहे. तोलण्यासाठी दुसऱ्या पारड्यात काहीतरी ठेवणे, हे आपले काम आहे.

हे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे असे कोणी म्हणू नये. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचे काम त्याला जोडले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत-छप्पर (ऊन परतवून कमी तापणाऱ्या छपरांचे) धोरण आणले. मेक्सिकोतील कामगारांच्या गृहनिधीने २००७ पासून गृहकर्जाला जोडूनच ऊर्जा व पाणी वाचवणाऱ्या साधनांसाठी जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेत ठरावीक आकारावरील सरकारी इमारतींना आणि खासगी कार्यालयांना आपला विजेचा वापर दाखवणारे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. मुंबईतच, १९७२ साली बांधलेल्या गोदरेज भवनाची २०१० मध्ये वीज वाचवण्यासाठी सुधारणा झाली आणि तिचा खर्च पाच वर्षांच्या आत भरून निघाल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. यातला कोणताही देश वा शहर श्रीमंत युरोपातील नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. छतावरील सौर विजेसाठीच्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळते. राज्य शासनाने २०१९ मध्ये स्वयंपुनर्विकासासाठी (विकासकाशिवाय संस्थेनेच केलेल्या पुनर्विकासासाठी) धोरण काढले. स्वयंसुधारणेसाठी तसे काहीच नाही, आणि दुरुस्तीच्या कामावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. हा कर आपल्या अखत्यारीत नाही हे मला समजते. मालमत्ता कर मात्र आहे. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संचय अशा कामांसाठी तो ५ ते १० टक्क्यांनी कमी करते.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. सी-२ब आणि सी-३ वर्गातील इमारतींना, कारण नमूद केल्याशिवाय, पुनर्विकासाचा लेखी सल्ला देणे बंद करावे. दुरुस्तीच्या अर्जातच उष्णता आणि वीज यांविषयीच्या कामांचा रकाना घालावा आणि दोन्हींचा निर्णय एकत्र, ठरलेल्या मुदतीत द्यावा, म्हणजे परांची उतरण्याआधी काम होईल. छज्जे, उन्हाचे आडोसे, गच्चीवरील उष्णतारोधक थर आणि सौर पॅनेलचे सांगाडे यांना, नोंदणीकृत संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर, वाढीव बांधकामातून वगळावे. ही सवलत घेऊन कोणी गच्चीवर खोल्या काढल्या तर त्या अवश्य पाडाव्यात, पण त्या भीतीने सर्वांना अडवू नये. स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळीच वरच्या मजल्याचे तापमान, वायरिंगची स्थिती आणि सामाईक मीटरचा वापर यांची एक पानी नोंद घ्यावी. अभियंता तेव्हा इमारतीत आलेलाच असतो. जी संस्था ही कामे करील तिला मालमत्ता करात सवलत द्यावी, आणि ती भाडेकरूंच्या घरांनाही लागू असावी.

आणि सुरुवात आपल्या स्वतःच्या इमारतींपासून करावी. सार्वजनिक शाळा, दवाखाने, विभाग कार्यालये यांच्या गच्च्या आमच्याच गच्च्यांसारख्या तापतात. येत्या उन्हाळ्याआधी त्यांपैकी काहींवर काम करून आधीची आणि नंतरची वीजबिले व वर्गखोल्यांचे तापमान जाहीर करावे. आमच्या सभेत माझ्या शब्दांनी जे ठराव मंजूर होत नाहीत, ते त्या आकड्यांनी होतील.

आमच्या संस्थेचा ऑडिट अहवाल, नकाशे आणि सामाईक मीटरची बिले आपल्या अभियंत्यांना पाहण्यासाठी खुली आहेत. दुरुस्तीची निविदा तयार आहे आणि पावसाळा संपला की परांची बांधली जाईल. नाकारलेल्या कामांचा अर्ज आम्ही पुन्हा दाखल करत आहोत. त्यावर या वेळी नकार द्यायचा झाल्यास कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली दिला, ते लेखी कळवावे.

आपली,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था
नेरूळ, नवी मुंबई